२५० कोटींचा दंड आणि तुमची नुकसानभरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

विमा कंपनीचा डेटा लीक झाल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतो की नवीन कायद्यात २५० कोटींचा दंड आहे, सगळ्यांनी तक्रार करा, पैसे मिळतील. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थच्या ग्राहकांची कागदपत्रं टेलिग्रामच्या चॅटबॉटवर मिळतायत हे बाहेर आलं, ३ कोटी १० लाख लोकांचा डेटा आपल्याकडे असल्याचा हॅकरचा दावा होता, तेव्हाही लोक हेच बोलत होते. मी ओळखीच्यांना तक्रारीचे अर्ज लिहून देतो, आणि दर दुसऱ्या अर्जात हा २५० कोटींचा आकडा असतोच. तो खोडून खोडून कंटाळलो म्हणून एकदा नीट लिहितोय.

डेटा लीक म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, फोन येतात, पॉलिसी नंबर समोरच्याला पाठ असतो, रिन्यूअलची तारीख तुमच्याआधी त्याला कळलेली असते. ते सोडून देऊ. लोक अडखळतात ते दंड आणि भरपाई या दोन शब्दांपाशी.

दंड म्हणजे कंपनीने नियम मोडला म्हणून सरकारला भरलेले पैसे. भरपाई म्हणजे तुमचं नुकसान झालं म्हणून कंपनीने तुम्हाला दिलेले पैसे. सिग्नल तोडून कोणी तुमच्या स्कूटरला धडक दिली तर पोलिसांनी फाडलेली पावती सरकारजमा होते, त्यातून तुमच्या पायाचं प्लास्टर होत नाही, त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो. इथेही अगदी तसंच आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ज्याला सगळे डीपीडीपी म्हणतात, त्यात सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून २५० कोटींपर्यंत दंड आहे, आणि लीक झाल्यावर डेटा संरक्षण मंडळाला किंवा ग्राहकांना कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. पण त्याच कायद्याचं कलम ३४ वाचा, वसूल झालेला सगळा दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होणार असं स्वच्छ लिहिलंय. ज्याचा डेटा गेला त्याला द्यायची तरतूद कुठेही नाही. आणि समजा वाटलेच असते, तरी पूर्ण २५० कोटी ३ कोटी १० लाख लोकांत वाटले तर माणशी साधारण ८० रुपये येतात.

हे मला मनापासून चुकीचं वाटतं आणि तसं म्हणायला मला संकोच नाही. २०१९ च्या विधेयकात ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागायचा हक्क होता, २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात तो राहिला नाही. ज्याच्या आजारपणाचे रिपोर्ट बाजारात गेले त्याला कायदा फक्त तक्रारदार म्हणून ओळखतो, पैसे मागणारा म्हणून नाही.

अमेरिकेतले नातेवाईक "आमच्याकडे सेटलमेंट मिळतं" असं सांगतात त्यामुळे हा गोंधळ अजून वाढतो. तिथे दोन्ही गोष्टी होतात पण वेगवेगळ्या दारांनी. अँथम नावाच्या विमा कंपनीतून सुमारे ७ कोटी ८८ लाख लोकांची माहिती गेली, २०१५ ची गोष्ट. लोकांच्या सामूहिक दाव्यात कंपनीने ११.५ कोटी डॉलरची तडजोड केली, वकिलांची फी त्यातूनच, पण तो फंड ग्राहकांच्या दाव्यांसाठी होता. आणि २०१८ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याला वेगळे १.६ कोटी डॉलर भरले, त्यातला डॉलर ग्राहकाकडे आला नाही. आपला २५० कोटींचा आकडा हा दुसऱ्या प्रकारातला आहे, पहिल्या नाही. बस, एवढंच डोक्यात ठेवलं तरी अर्धे अर्ज सुधारतील.

आता दुसरी चूक, तारखेची. डीपीडीपी कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्या अधिसूचनेनुसार कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या आणि दंडाची कलमं लागू व्हायला तिथून १८ महिने दिलेत, म्हणजे मे २०२७. आणि याच्याच पोटात एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. आयटी कायद्यात कलम ४३ए आहे, २००८ च्या दुरुस्तीने आलेलं, त्यात कंपनीने संवेदनशील माहिती सांभाळण्यात हलगर्जी केली आणि त्यामुळे कोणाचं नुकसान झालं तर कंपनीने त्या माणसाला भरपाई द्यायची असं सरळ लिहिलंय, आणि २०११ च्या नियमांत वैद्यकीय रिपोर्ट, तब्येतीची माहिती, बँक आणि कार्डाचे तपशील हे सगळं संवेदनशील म्हणून मोजलंय. हे कलम डीपीडीपी कायदा रद्द करतो, पण रद्द करणारी तरतूदही त्याच १८ महिन्यांच्या मुदतीत आहे. म्हणजे तोपर्यंत भरपाईचं कलम जिवंत आणि दंडाचं झोपलेलं, आणि त्यानंतर बरोब्बर उलटं. आणि लोक आज जिवंत कलम सोडून झोपलेल्या कलमाखाली अर्ज करतात! लीक आत्ता झाला असेल तर ४३ए ची तक्रारही आत्ताच करा, पुढे बघू म्हणून ठेवू नका.

४३ए ची तक्रार कोर्टात नाही जात, ५ कोटींपर्यंतच्या मागणीसाठी ती राज्याच्या आयटी सचिवांकडे जाते, त्यांना या कामापुरतं ॲडज्युडिकेटिंग ऑफिसर म्हणतात, आपल्याकडे म्हणजे मंत्रालयात. हे कागदावरचं नाही, २०१३ मध्ये याच ऑफिसने पुण्याच्या एका कंपनीला फिशिंगमध्ये गेलेल्या सुमारे ८० लाखांपैकी ४५ लाख द्यायला एका राष्ट्रीयीकृत बँकेला लावलं होतं, बँकेने सुरक्षेत कसूर केली म्हणून, आणि फसव्या मेलला उत्तर दिलं म्हणून उरलेला भार तक्रारदारावर ठेवला होता. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत दिल्लीला टीडीसॅट या अपील न्यायाधिकरणाकडे अपील. अडचण अशी की इथे नुकसान दाखवावं लागतं, नुसतं "माझी माहिती गेली, मला भीती वाटते" एवढ्यावर ४३ए फार पुढे सरकत नाही, आणि जेवढी रक्कम मागाल त्या प्रमाणात फी भरावी लागते, त्यामुळे उगाच कोटी-दोन कोटी लिहून ठेवू नका. खात्यातून पैसे गेले, तुमच्या कागदपत्रांवर कोणी कर्ज काढलं, असं काही आकड्यात सांगण्यासारखं झालं असेल तर हा रस्ता.

आणि तसं नसेल, पैसे गेले नाहीत पण मनस्ताप झाला, तर माझं ठाम मत ग्राहक आयोगाच्या बाजूने आहे, ज्याला आपण अजून ग्राहक मंचच म्हणतो. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं हेड ऑफिस चेन्नईला असो नाहीतर गुरुग्रामला. पूर्वी मागितलेल्या भरपाईचा आकडाही मोजला जायचा, २०१९ च्या कायद्याने आता फक्त तुम्ही भरलेले पैसे म्हणजे प्रीमियम बघतात, त्यामुळे आरोग्य विम्याचं प्रकरण जवळजवळ नेहमी जिल्हा आयोगातच बसतं आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. मानसिक त्रासाचे पैसे आणि तक्रारीचा खर्च द्यायला लावायची सवय या आयोगांना आहे, तिथे तुम्हाला विचित्र नजरेने कोणी बघत नाही. शेकडो लोकांचं गाऱ्हाणं एकच असेल तर कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एक तक्रार करता येते, अमेरिकेतल्या सामूहिक दाव्याच्या सगळ्यात जवळची आपल्याकडची सोय ती हीच.

फक्त अर्ज लिहिताना एक काळजी घ्या. या कायद्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे, आणि लोक तेच वाक्य उचलून टाकतात. पण हॅकरने चोरलं तर कंपनी म्हणणार आम्ही दिलं कुठे, आमच्याकडूनच चोरीला गेलं, आणि तेवढ्यावर तुमचा मुद्दा पडतो. म्हणून आधी सेवेतील त्रुटी लिहा, म्हणजे प्रीमियम घेतलात तर माझी फाईल सांभाळणं हाही सेवेचा भाग होता आणि तो नीट केला नाहीत. आतल्याच कोणी किंवा एजंटने माहिती विकल्याचा पुरावा असेल तेव्हा अनुचित प्रथा पुढे आणा.

बाकीचे फरक पटकन. विमा लोकपाल क्लेम नाकारला, क्लेमला उशीर केला, पॉलिसी फसवून विकली यासाठी, ५० लाखांपर्यंत, उत्तम सोय आहे पण डेटा लीक त्यांच्या यादीत सरळ बसत नाही, तिथे वर्ष घालवू नका. आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, बीमा भरोसा पोर्टल कंपनीकडून लेखी उत्तर काढायला चांगलं, भरपाई ते देत नाहीत. फसवणुकीत पैसे गेले तर सगळ्यात आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, पुढचं सगळं नंतर. एफआयआर चोराविरुद्ध असतो, विमा कंपनीकडून पैसे मिळवायला नाही, पण केला असेल तर त्याची कॉपी ४३ए च्या किंवा ग्राहक आयोगाच्या तक्रारीला जोडा.

हे सगळं लिहायला निमित्त माझी मावशी. तिच्या विमा कंपनीचा मेल आला की काही माहिती अनधिकृतपणे पाहिली गेली असण्याची शक्यता आहे, आम्हाला वाटलं असेल काहीतरी. पंधरा दिवसांनी एका अनोळखी माणसाने फोन करून तिला तिच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनबद्दल विचारलं, कुठल्या हॉस्पिटलला, कुठल्या महिन्यात हे सगळं सांगून, आणि वर औषधं विकायला लागला. ते ऑपरेशन तिने सख्ख्या जावेलाही सांगितलं नव्हतं. तिचा एक रुपया गेला नाही. पण ती दोन महिने अनोळखी नंबर उचलत नव्हती, मुलाच्या शाळेतून फोन आला तरी हात थरथरायचा. याला ४३ए मध्ये नुकसान म्हणून दाखवणं कठीण, आणि डेटा मंडळाने उद्या कितीही दंड ठोकला तरी तिच्यापर्यंत काही येणार नाही.

ती कोणीतरी लिहून दिलेला अर्ज घेऊन आली होती, "अरे, हे बघ जरा बरोबर आहे का", पहिल्याच परिच्छेदात २५० कोटी. तो परिच्छेद काढला. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं की माझी नेमकी कुठली माहिती गेली, तुम्हाला कधी कळलं, आणि सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, नियमाप्रमाणे ६ तासांत कळवलं का, उत्तर लेखी द्या. त्यांनी गोलमोल उत्तर दिलं, ते तसंच जोडलं. कंपनीचा मेल, फोनची तारीख आणि नंबर, प्रीमियमच्या पावत्या, आणि एका पानावर तिच्याच शब्दांत त्या दोन महिन्यांत काय झालं ते. जिल्हा आयोगात दाखल केलंय. मुदत दोन वर्षं असते, आम्ही ती मेल आला त्या दिवसापासून धरली, आणि तुम्हीही तसाच मेल आला असेल तर तो डिलीट करायच्या आधी त्याची प्रिंट काढून ठेवा.