सेर की एस्तार? मराठीतल्या एका ‘आहे’ची स्पॅनिशमधली वाटणी

‘तुझी आई कशी आहे?’ या प्रश्नाचं स्पॅनिश दोन प्रकारे होतं. ‘कोमो एस तु माद्रे?’ असं विचारलं तर उत्तरात आई उंच आहे, बोलकी आहे, शिस्तीची आहे, असं वर्णन यायला हवं. ‘कोमो एस्ता तु माद्रे?’ असं विचारलं तर ‘बरी आहे, पण गुडघा दुखतोय’ अशी खुशाली सांगायची. पहिलं क्रियापद सेर, दुसरं एस्तार. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘आहे’च येतं, त्यामुळे दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी स्पॅनिशच्या वर्गाला बसणारा पुणेकर पहिल्या महिन्यातच इथे अडतो. इंग्रजीचाही उपयोग होत नाही, कारण तिथेही ‘इज’ एकच.

वर्ग फर्ग्युसन रस्त्यावरचा असो की कोथरूडमधला शनिवार-रविवारचा, पहिल्या आठवड्यात एक नियम हमखास कानावर येतो: कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम वहीतून खोडून टाका. पुणे महाराष्ट्रात आहे आणि ते कुठे हलणार नाही, तरी वाक्य ‘पुणे एस्ता एन महाराष्ट्र’ असंच होतं. मेलेला माणूस परत येत नाही, तरी ‘एस्ता मुएर्तो’. उलट आज सोमवार आहे ही गोष्ट रात्री बारापर्यंतच खरी, तरी ‘ओय एस लूनेस’. ‘मी विद्यार्थी आहे’ हे दोन वर्षांनी खोटं ठरेल, तरी ‘सोय एस्तुदिआन्ते’. रोजच्या वापरातल्या वाक्यांवरच नियम कोसळत असेल, तर तो पाठ करून चुका तेवढ्या पक्क्या होतात.

मराठी माणसाला याहून चांगली खूण आपल्याच शब्दांत सापडते. एस्तारचं मूळ लॅटिनमधलं ‘स्तारे’, म्हणजे उभं असणं. संस्कृतातला ‘स्था’ धातू त्याच मुळातला, आणि त्यातूनच आपल्याला ‘स्थान’ आणि ‘स्थिती’ हे दोन शब्द मिळाले. एस्तारची मुख्य कामंही हीच दोन. सेरचं ‘एस’ हे रूप लॅटिन ‘एस्त’वरून आलं, आणि ते संस्कृत ‘अस्ति’चं भावंड. वस्तू काय आहे, कोण आहे, कुठल्या प्रकारची आहे, हे ते सांगतं.

खूण कळली तरी बोलताना निर्णय झटपट घ्यावा लागतो, म्हणून मनातले प्रश्न ठरावीक क्रमाने विचारा. क्रम बदलला तर गोंधळ होतो.

पहिला प्रश्न: ‘आहे’च्या आधी नाम आहे का? म्हणजे ‘हा अमुक आहे’ अशी ओळख आहे का? असेल तर सेर, पुढचा विचारच नको. ‘सोय इन्खेनिएरो’ म्हणजे मी इंजिनिअर आहे. व्यवसाय सांगताना ‘उन’ (म्हणजे इंग्रजीतलं ‘अ’) लावायचं नाही, ते लावणं ही इंग्रजीतून येणारी चूक आहे. मूळ गाव आणि कशापासून बनलंय तेही याच खात्यात, तिथे ‘दे’ येतो: ‘सोय दे सातारा’, ‘एस दे आल्गोदोन’, म्हणजे सुती आहे. घड्याळातली वेळसुद्धा सेरच घेते; एक वाजला की ‘एस ला ऊना’, सात वाजले की ‘सोन लास सिएते’. सध्या पुण्यात असलेला सातारकर एकाच दमात दोन्ही क्रियापदं वापरतो: ‘सोय दे सातारा, पेरो एस्तोय एन पुणे’.

दुसरा प्रश्न: जागा सांगतोय का? माणूस, वस्तू, इमारत, गाव कुठे आहे हे सांगायचं तर एस्तार. कार्यक्रम कुठे आहे हे सांगायचं तर मात्र सेर, कारण कार्यक्रम कुठे उभा नसतो, तो तिथे घडतो. बालगंधर्व रंगमंदिर जंगली महाराज रस्त्यावर आहे, इथे ‘एस्ता’. आजची मैफल बालगंधर्वला आहे, इथे ‘एस’: ‘एल कोन्सिएर्तो एस एन बालगंधर्व’. लग्न, बैठक, परीक्षा, वाढदिवस यांनाही हेच लागू. ‘वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे’ या मराठी वाक्याला तर दोन अर्थ आहेत. वर्ग म्हणजे तास असेल तर ‘ला क्लासे एस एन एल सेगुन्दो पीसो’, आणि वर्ग म्हणजे खोली असेल तर ‘एल आउला एस्ता एन एल सेगुन्दो पीसो’. हा फरक सुरुवातीच्या पातळीवर बऱ्याचदा सांगितला जात नाही, आणि मग पुढे दोन वर्षं शिकलेली माणसंही लग्नाबद्दल ‘ला बोदा एस्ता एन...’ म्हणत राहतात.

तिसरा प्रश्न विशेषणांचा, आणि खरी मेहनत इथेच आहे. ‘आहे’ऐवजी ‘झालाय’ किंवा ‘अजून व्हायचाय’ म्हणून पाहा. वाक्य नीट बसलं, म्हणजे कुठल्यातरी बदलातली एक स्थिती तुम्ही सांगताय, तर एस्तार. चहा गार आहे, म्हणजे गार झालाय: ‘एल ते एस्ता फ्रीओ’. दुकान बंद आहे, म्हणजे बंद झालंय: ‘एस्ता सेर्रादा’ (‘तिएन्दा’ म्हणजे दुकान, ते स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी ‘आ’). मृत्यूसुद्धा बदलाचा परिणाम असल्यामुळे ‘मुएर्तो’ एस्तारकडे जातो. तो कायमचा आहे की नाही, याचा संबंधच नाही. उलट बर्फ थंड असतो हा त्याचा गुण: ‘एल ईएलो एस फ्रीओ’.

आंब्यावर हा फरक छान दिसतो. लंगडा पिकला तरी सालीने हिरवाच राहतो, तो त्याचा रंग: ‘एस वेर्दे’. हापूस अजून कच्चा आहे, पिकायचाय: ‘एस्ता वेर्दे’. विशेषण एकच, पण पहिलं वाक्य रंग सांगतं आणि दुसरं कच्चेपणा.

खाण्याच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. पुरणपोळी हा पदार्थच गोड, तर ‘एस दुल्से’. पण ताटातली पोळी चाखून ‘मस्त झालीय’ म्हणायचं तर ‘एस्ता रिका’. समोरच्या घासाबद्दलचा अनुभव एस्तारनेच सांगायचा. यजमानाला ‘एस रिका’ म्हटलं तर तो एकूण पदार्थाबद्दलचा शेरा होतो, त्याच्या हातच्या पोळीचं कौतुक होत नाही. आणि माणसाबद्दल ‘एस रिका’ म्हटलं तर ती श्रीमंत आहे असा अर्थ निघतो.

‘झालाय’ची कसोटी काही ठिकाणी दगा देते. श्रीमंत, गरीब, तरुण ही विशेषणं माणसाला एका गटात बसवतात, म्हणून तिथे ‘तो आता श्रीमंत झालाय’ हे मराठीत बरोबर असलं तरी वर्णन सेरनेच करायचं. जाड आणि म्हातारा दोन्हीकडे चालतात: ‘एस गोर्दो’ म्हणजे अंगानेच जाड, ‘एस्ता गोर्दो’ म्हणजे हल्ली सुटलाय.

अर्थ पार बदलणाऱ्या जोड्या थोड्याच आहेत, त्या सरळ पाठ कराव्यात. ‘एस लीस्तो’ हुशार आहे, ‘एस्ता लीस्तो’ तयार आहे. ‘एस आबुर्रीदो’ कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रीदो’ कंटाळलाय. ‘एस मालो’ वाईट आहे, ‘एस्ता मालो’ आजारी आहे, आणि दुधाबद्दल असेल तर नासलंय. ‘एस बुएनो’ म्हणजे चांगला माणूस. पण ‘एस्ता बुएनो’ माणसाबद्दल म्हटलं तर तो दिसायला आकर्षक आहे, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ते धीट वाटतं. शिक्षकांबद्दल असं वाक्य टाकण्याआधी विचार करा. ‘मी बरा आहे’साठी ‘एस्तोय बिएन’ म्हणा, ‘बुएनो’ नको.

मराठी विद्यार्थी एक पळवाट स्वतःच शोधतात: ‘असतो’ म्हणजे सेर आणि ‘आहे’ म्हणजे एस्तार. ‘बर्फ थंड असतो’ला ती जमते, म्हणून खरी वाटते. पण ‘रविवारी तो घरी असतो’ हे वाक्य घ्या. इथे जागा सांगितलीय, म्हणून ‘लोस दोमिन्गोस एस्ता एन कासा’. सवय दाखवण्याचं काम स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या निवडीकडे नाही, साध्या वर्तमानकाळाकडेच आहे.

काही ‘आहे’ या दोघांपैकी कोणाचेच नसतात. ‘इथे एटीएम आहे का?’ यात एटीएम असण्याचीच चौकशी आहे, म्हणून ‘आय उन काखेरो पोर आकी?’. ते आहे हे माहीत असेल आणि नेमकं कुठे एवढंच विचारायचं असेल, तर ‘दोन्दे एस्ता एल काखेरो?’. वय, भूक, तहान आणि मालकी ‘तेनेर’ (जवळ असणं) या क्रियापदाकडे: पस्तीस वर्षांचा माणूस ‘तेन्गो त्रेइन्ता इ सिन्को आन्योस’ म्हणतो, इथे ‘सोय’ वापरणं ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक. ‘मी जेवतोय’ला ‘एस्तोय कोमिएन्दो’ अगदी चपखल बसतं. पण ‘उद्या मुंबईला जातोय’ हे भविष्य आहे, तिथे ‘मान्याना बोय आ मुंबई’ म्हणायचं, एस्तार नाही. मंडईत रोज बदलणाऱ्या भावासाठी मात्र एस्तारचीच खास रचना आहे: ‘आ कुआन्तो एस्तान लास सेबोयास?’, कांदे कसे दिले?

मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने रूपं अशी. सेर: सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन. एस्तार: एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्ताइस, एस्तान. दोन्हींतलं पाचवं रूप स्पेनमध्येच लागतं. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’साठी सहावंच वापरतात. एस्तारमध्ये ‘एस्तामोस’ सोडून प्रत्येक रूपात जोर शेवटच्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या शेवटच्या तुकड्यावर. ‘एस्तास, एस्ता, एस्ताइस, एस्तान’ लिहिताना शेवटच्या अवयवातल्या ‘आ’वर तिरकी रेघ हवीच. ती राहिली आणि जोर पहिल्या अवयवावर गेला की ‘एस्ता’चा अर्थ ‘ही’ होतो. ‘त’ मात्र आपला दंत्यच ठेवा; इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ केला की उच्चार बिघडतो.

सरावासाठी रोज दिवसभरात बोललेली ‘आहे’ची दहा मराठी वाक्यं वहीत लिहा. प्रत्येकासमोर आधी एकच शब्द: ओळख, स्थान, घटना, स्थिती किंवा ‘दुसरं’. स्पॅनिश त्यानंतर लिहा, कारण सरळ भाषांतराला हात घातला की क्रियापद अंदाजाने पडतं. मग ओळखीच्या एका व्यक्तीबद्दल पाच वाक्यं फक्त सेरने आणि पाच फक्त एस्तारने मोठ्याने बोला: ती नाशिकची आहे, अकाउंटंट आहे, उंच आहे, सध्या बंगळुरूला आहे, कामात आहे, दमलीय. आठवड्याभरात सत्तर वाक्यं होतात. त्यातल्या चुका शब्दानुसार मोजा. बहुतेकांच्या ‘ओळख’मध्ये चुका लवकर संपतात, ‘घटना’ आणि ‘स्थिती’त उरतात. पुढच्या आठवड्याची दहापैकी सात वाक्यं त्या दोन खान्यांतूनच निवडा.