परागीभवन

परागीभवन : फुलाच्या परागकोशातले परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर, पोचण्याची क्रिया. पराग पोचला म्हणजे फलन (नर व मादी पेशींचा संयोग) झाले असे नव्हे. फुलोरा भरपूर येऊनही फळ का धरत नाही, हे समजायचे तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

कुक्षीवर चिकटलेला कण तिथला ओलावा शोषून फुगतो आणि त्यातून परागनलिका फुटते. ती कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांड्यातून, उतरत बीजांडापर्यंत (ज्याचे पुढे बी होते) जाते व दोन पुंयुग्मके, म्हणजे नर पेशी, आत सोडते. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो. दुसऱ्यापासून भ्रूणाचे अन्न, म्हणजे भ्रूणपोष बनतो. हे दुहेरी फलन सेर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले.

एका बीजाला एक परागनलिका, हा हिशेब पक्का. मक्याच्या कणसाचा प्रत्येक तंतू एकेका दाण्याकडे जातो. ज्या तंतूवर पराग पडला नाही, तिथे दाणा भरत नाही. कलिंगडाच्या मादी फुलाची कुक्षी तीन पाळ्यांची असते. तिन्ही पाळ्यांवर मिळून हजारभर कण सारखे पसरले, तर फळ गोल भरते. वाढणाऱ्या बियांतली संप्रेरकेच (वाढीला चालना देणारी द्रव्ये) भोवतालचा गर वाढवतात, त्यामुळे ज्या बाजूला बी धरत नाही, त्या बाजूला फळ आखडून वाकडे होते.

मका आणि बहुतेक गवते वाऱ्यावर अवलंबून असतात. त्यांच्या फुलांना रंग, वास, मध यांची गरज नसते. इतर बहुतेक सपुष्प वनस्पतींचे काम कीटक, पक्षी, वटवाघळे करतात. मधमाशी सर्वच फुलांना पुरी पडते, हा समज मात्र चुकीचा आहे. वांग्याचे परागकोश फक्त टोकाच्या बारीक छिद्रातून उघडतात. भुंगा फुलाला घट्ट धरून अंगाचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग भुकटीसारखा बाहेर उडतो. मध साठवणाऱ्या पाळीव मधमाशीला हे जमत नाही.

वेलवर्गीय पिकांत कीटक कमी असतील तर परागीभवन हाताने करता येते. ज्या फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते ते मादी फूल. नुकत्याच उमललेल्या नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा परागकोश कुक्षीच्या सगळ्या पाळ्यांवर हलकेच फिरवावा. एका मादी फुलाला दोन-तीन नर फुले वापरलेली बरी. भोपळ्याला हे सकाळी लवकर करावे. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, त्यांना सकाळची वेळ उपयोगाची नाही. शुद्ध बी हवे असेल तर नर व मादी, दोन्ही कळ्या उमलण्याआधीच बांधून ठेवाव्यात आणि पराग लावल्यावर मादी फूल पुन्हा झाकावे. फलन झाले नाही तर ते इवले फळ काही दिवसांत पिवळे पडून गळते.

कडक उन्हात पराग निकामी होतो, तर पावसात भिजून फुटतो. सफरचंदाच्या बहुतेक जाती स्वतःचा पराग रुजू देत नाहीत, म्हणून बागेत त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात लावावीच लागते. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणे टाळावे; अगदीच निकड असेल तर कीटकांची ये-जा थांबल्यावर, फुले मिटलेली असताना फवारावे.