मिसिसिपीच्या मुखावरचा बोरू आणि जपानी खवले कीड

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठाकाठाने दक्षिणेकडे गेलं की व्हेनिस नावाच्या गावाशी रस्ता संपतो. पुढे नदी, तिचे पांगलेले फाटे, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना दोन पुरुष उंचीचं बोरूचं रान. पुढचा सगळा प्रवास होडीतूनच. या रानाला तिथले लोक ‘रोझो केन’ म्हणतात. रोझो हा बोरूसाठीचा फ्रेंच शब्द. फ्रेंच अंमल जाऊन दोन शतकं उलटली, शब्द मात्र राहिला. वनस्पतीचं शास्त्रीय नाव फ्रॅगमायटिस ऑस्ट्रालिस.

२०१६ मध्ये हे रान भलत्याच वेळी पिवळं पडू लागलं. नवे कोंब बारीक येत होते, जुन्या काड्या वाळून पाण्यात आडव्या होत होत्या, आणि जिथे होडी शिरायला फट नसायची तिथे उघडं पाणी दिसू लागलं. तेल गळलं असेल, खारं पाणी चढलं असेल, असे तर्क झाले, आणि त्या किनाऱ्याचा इतिहास पाहता ते गैरही नव्हते. पण काड्या सोलून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट हाती लागली.

उसाचं पाचट काढतात तसं बोरूच्या खोडाला बिलगलेलं पानाचं आवरण खाली ओढलं, की आत खोडाला चिकटलेले चपटे, तपकिरी-काळे ठिपके दिसतात. कडेला पांढरट मेणाची भुकटी. ठिपका नखाने उचकटला तर फुटतो आणि ओल येते, म्हणजे तो डाग नाही, जिवंत मादी आहे. तिला ना पाय, ना पंख. तोंडाची सुई खोडात खुपसून ती एकाच जागी आयुष्य काढते. हिंडण्याची मुभा फक्त नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना. सहा पायांची, जेमतेम दिसणारी ही पिल्लं काडीवर चढून मोकळी जागा शोधतात, आवरणाखाली शिरतात आणि तिथेच बसतात. वाऱ्याने, पाण्याने, तुटून वाहत जाणाऱ्या काड्यांवरून, होडीला अडकलेल्या पाल्यावरून ती दूरवर पोचतात. रस शोषताना अंगातून पाझरणारा गोड चिकटा पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. फळबागायतदारांना हा प्रकार नवा नाही. खवले किडीचं घराणं सगळीकडे असंच वागतं.

२०१७ मध्ये या किडीची ओळख पक्की झाली: निप्पोनाक्लेर्डा बिवाकोएन्सिस. नावातला ‘बिवाको’ म्हणजे जपानचं बिवा सरोवर. जपानी कीटकशास्त्रज्ञ कुवाना यांनी १९०७ मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं. जपान आणि चीन हा तिचा मूळ मुलूख. उत्तर अमेरिकेत ती त्याआधी कुणाला सापडलेली नव्हती. कुठल्या जहाजातून उतरली याचा पत्ता लागलेला नाही. पण मिसिसिपीचं मुख म्हणजे जगभरच्या मालवाहू जहाजांचा राजरस्ता, त्यामुळे ती तिथे उतरली याचं फारसं आश्चर्य वाटायला नको.

गंमत अशी, की मायदेशात हिचा एवढा बोलबाला कधीच नव्हता. शांघायजवळ यांगत्सेच्या मुखाशी चोंगमिंग बेटावर बोरूची मोठी पाणथळ आहे. तिथे हिवाळ्यात ही कीड पक्ष्यांचं खाद्य असते. रीड पॅरटबिल नावाचा जाड चोचीचा छोटा पक्षी वाळक्या काड्यांची आवरणं फाडून आतल्या माद्या टिपतो, आणि थंडीत त्याचं बरंचसं पोट यावरच भरतं. थोडक्यात, तिकडे ती अन्नसाखळीतली एक कडी आहे. इकडे येताना ती साखळी मागे राहिली.

तरीही अवघ्या काही मिलिमीटर भरणाऱ्या या जिवाने एवढं रान कसं झोपवलं, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी किडीपेक्षा नदीचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो बराच मागे जातो.

मिसिसिपीचं आजचं मुख नकाशावर पक्ष्याच्या पंजासारखं दिसतं. साउथवेस्ट पास, साउथ पास आणि पास आ लूत्र ही त्याची मुख्य बोटं. नदी पुरात काठ ओलांडायची, गाळ पसरायची, आणि खचणाऱ्या जमिनीवर दरवर्षी नवा थर चढायचा. हा हिशेब शतकानुशतकं जुळत होता. एकोणिसाव्या शतकात जहाजं मोठी झाली आणि मुखावरचे गाळाचे उंचवटे अडचणीचे ठरले. जेम्स ईड्स या अभियंत्याने १८७५ ते १८७९ दरम्यान साउथ पासमध्ये समांतर बांध घालून पाण्याचा प्रवाह आवळला. नदीने स्वतःच आपलं पात्र खरवडून खोल केलं. व्यापाराच्या दृष्टीने काम नामी झालं. गाळ मात्र काठावर पसरायचा सोडून थेट खोल समुद्राकडे जाऊ लागला.

मग १९२७ चा महापूर आला. त्यानंतर १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने नदीला दुतर्फा भक्कम बंधारे घालण्याचं काम केंद्र सरकारने अंगावर घेतलं. पुढे मिसूरी या उपनदीवर मोठी धरणं उभी राहिली आणि वरून येणाऱ्या गाळाचा मोठा वाटा जलाशयांतच अडला. तेलासाठी आणि जहाजांसाठी पाणथळीत कालवे खणले गेले, त्यांतून खारं पाणी आत शिरलं. जमीन खचायची थांबली नाही, भर घालणारा गाळ मात्र आटला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीनुसार १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनाऱ्याने सुमारे ४,८३३ चौरस किलोमीटर जमीन गमावली, म्हणजे १९३२ मध्ये होती त्याच्या जवळपास पाव हिस्सा.

या खचत्या मुखावर सर्वांत चिवटपणे तग धरून राहिली ती रोझो केन. बाकीच्या गवतांचा जीव जिथे गुदमरतो तेवढ्या खोल पाण्यात ती उभी राहते, थोडं खारटपण सोसते, आणि तिच्या जाड कांड्यांची जमिनीखालची जाळी चिखल धरून ठेवते. वादळात लाटांचा जोर मोडते. २०१० मध्ये डीपवॉटर होरायझन या समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर अपघात होऊन गळलेलं तेल किनाऱ्याला लागलं तेव्हा मुखावरच्या या बोरूच्या भिंतीलाही ते फासलं गेलं, आणि तरी ती उभी राहिली.

आता यातली खरी गोम. ज्या बोरूसाठी लुईझियाना हळहळतं, तोच बोरू अमेरिकेच्या इतर किनाऱ्यांवर शत्रू मानला जातो. २००२ मध्ये क्रिस्टिन सॉल्टनस्टॉल यांनी जनुकीय पुराव्याने दाखवलं, की ईशान्येकडच्या पाणथळी गिळणारं फ्रॅगमायटिस हे देशी बोरूसारखंच दिसणारं, पण बाहेरून आलेलं वाण आहे. तिथे ते उपटण्यावर, जाळण्यावर, तणनाशकांवर पैसा जातो. मिसिसिपीच्या मुखावर या वनस्पतीची अनेक वाणं शेजारी शेजारी वाढतात. सर्वांत जास्त जागा व्यापलेलं ‘डेल्टा’ वाणही मूळचं तिथलं नाही, त्याचे सगेसोयरे भूमध्य समुद्राकडचे. आणि अधूनमधून ठिगळांसारखं उगवलेलं ‘युरोपीय’ वाण म्हणजे ईशान्येकडचा तोच बदनाम बोरू.

खवले किडीने घाव घातला तो मुख्यतः डेल्टा वाणावर. युरोपीय वाणावर ती कमी बसते आणि बसली तरी ते सहसा कोलमडत नाही. सगळीकडे पिवळं पडलेलं असताना ही ठिगळं हिरवी राहिली. म्हणजे मैलोन्‌मैल एकाच वाणाचं रान, पायाखालची जमीन बुडत चाललेली, आणि त्यात नवी कीड. कोणाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मला विचाराल तर किडीने शेवटचा धक्का दिला. रान डळमळीत आधीच झालं होतं.

उपायांची यादी लांब नाही. कीटकनाशक फवारायचं तर खाली पाणी, पाण्यात कोळंबी आणि मासे, ज्यांच्यावर सगळा परिसर जगतो. वाळकं रान जाळता येतं, पण आधीच बुडणाऱ्या काठावर ते जपून करावं लागतं. मित्रकीटकांचा शोध घेताना मात्र एक सुखद धक्का बसला: खवले किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्यांच्या तीन जाती लुईझियानातच सापडल्या. कुणी मुद्दाम सोडल्या नव्हत्या. कीड काबूत येण्याएवढ्या मात्र त्या पुऱ्या पडल्या नाहीत.

रान मेलं तिथली जागा रिकामी राहत नाही. कुठे रानअळू पसरतं, कुठे जलपर्णी, आणि दोन्ही बाहेरच्याच. अळूची मुळं चिखल धरतात, पण बोरूइतका नाही. साउथवेस्ट पासमधून मोठी जहाजं जातात, त्यामुळे लष्कराच्या अभियंता विभागाला तिथला गाळ सतत उपसत राहावा लागतो. काठ ढासळले की गाळ परत पात्रातच.

म्हणून लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी बोरूची वेगवेगळी वाणं शेजारी शेजारी लावून कोणतं तगतं ते पाहायला घेतलं. उपसलेला गाळ टाकून उभ्या केलेल्या नव्या जमिनीवर काय लावायचं, हाही त्याच कामाचा भाग. तिथे प्रश्न चमत्कारिक होतो: जे वाण किडीला दाद देत नाही, ते इतर राज्यं मुळासकट काढू पाहतात. ते मुद्दाम लावायचं का?