प्राणिसंग्रहालयाचं फाटक कुणासाठी उघडलं?

सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन प्राणिसंग्रहालयात जायचं, धाकट्याला खांद्यावर बसवायचं, वाघ झोपलेला असला तर ‘उठेल हं आता’ म्हणत ताटकळत उभं राहायचं आणि संध्याकाळी दुखऱ्या पायांनी घरी परतायचं. हा कार्यक्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो कधीतरी पहिल्यांदा सुरू झाला असेल, हे डोक्यातही येत नाही. पण सहकुटुंब आणि तिकीट काढून असं प्राणी बघायला जाण्याची रीत दोनशे वर्षांचीही नाही. प्राणी कोंडून ठेवण्याची हौस मात्र फार जुनी. इजिप्तमधल्या हिएराकोनपोलिस इथे साडेपाच हजार वर्षांपूर्वी पुरलेले हत्ती, पाणघोडे आणि बबून माकडं सापडली आहेत. त्यातल्या काहींची मोडलेली हाडं पुन्हा जुळून आलेली दिसतात. म्हणजे जखमी झाल्यावरही त्यांना कुणीतरी खाऊ घालून जगवत होतं.

पुढची हजारो वर्षं हे प्राणी राजांचेच राहिले. लंडनच्या टॉवर किल्ल्यात तेराव्या शतकापासून असा एक संग्रह होता. १२५२ साली नॉर्वेच्या राजाकडून तिथे एक पांढरं अस्वल आलं. त्याच्या पोटापाण्यासाठी रोजचे चार पेन्स द्या, असा हुकूम शहराच्या शेरीफांना निघाला. अस्वलाला लांब दोराने बांधून थेम्स नदीत मासे धरायला सोडत. काठावरच्या लंडनकरांना तो तमाशा फुकटात बघायला मिळत असणार. तीन वर्षांनी फ्रान्सच्या राजाने हत्ती पाठवला. अठराव्या शतकात टॉवरमधले सिंह बघायला सामान्य माणसालाही जाता येई. दीड पेनी द्यायची. नसेल तर सिंहांना घालायला एखादं कुत्रं किंवा मांजर आणायचं, असं सांगतात. कुटुंबाने बरोबर काय न्यायचं, या प्रश्नाचं हे बहुधा सगळ्यात जुनं उत्तर असावं, आणि सगळ्यात भयंकरही.

‘सहकुटुंब’ हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो तो व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यातल्या बागेला. सम्राट फ्रान्झने १७५२ मध्ये तिथे प्राणिशाळा उभारली. मधोमध अष्टकोनी मंडप आणि त्याच्याभोवती केकच्या तुकड्यांसारखे कापलेले तेरा कप्पे. मंडपात बसून सम्राट, सम्राज्ञी मारिया थेरेसा आणि त्यांची मुलंबाळं न्याहारी करत आणि मान फिरवेल तिकडे वेगळा प्राणी दिसे. आज चालू असलेल्या प्राणिसंग्रहालयांत हे सर्वांत जुनं. १७७० च्या दशकाच्या अखेरीस ते लोकांना खुलं झालं. पण सुरुवातीला फक्त रविवारी, आणि तेही अंगावर नीटनेटके कपडे असतील तरच.

रविवार आणि कपडे. या दोन अटी ध्यानात ठेवायला हव्यात, कारण पुढचा सगळा झगडा फाटकाचा आहे. आत कोणते प्राणी आहेत यापेक्षा बाहेरच्या माणसाला कोणत्या वारी, किती पैशांत आणि कुणाच्या ओळखीने आत सोडायचं, यावरून प्राणिसंग्रहालय हे सहलीचं ठिकाण झालं किंवा झालं नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीने हा प्रश्न एका फटक्यात सोडवला. व्हर्सायच्या शाही प्राणिशाळेत उरलेसुरले प्राणी आता राष्ट्राचे झाले, आणि १७९३-९४ मध्ये पॅरिसच्या वनस्पती उद्यानात त्यांच्यासाठी जागा झाली. कुतूहल केवढं होतं ते १८२७ मध्ये दिसलं. इजिप्तच्या मुहम्मद अलीने फ्रान्सच्या राजाला भेट दिलेली जिराफाची मादी मार्सेय बंदरातून पॅरिसला चक्क चालत निघाली. आठशे-नऊशे किलोमीटरची ती वाट तिने सहा आठवड्यांत कापली. बरोबर एतिएन जोफ्रुआ सेंतिलेर हे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ होते, पंचावन्न वर्षांचे असूनही. वाटेतल्या गावागावांत माणसं रस्त्यावर उतरली आणि पॅरिसच्या बायका जिराफासारखा उंच केशसंभार बांधू लागल्या.

लंडनचं चित्र उलटं. १८२६ मध्ये तिथे प्राणिशास्त्र संस्था स्थापन झाली आणि १८२८ मध्ये रीजंट्स पार्कमध्ये तिची बाग उघडली, पण ती सभासदांसाठी. बाहेरच्या माणसाने शिलिंग द्यायचा आणि वर एखाद्या सभासदाची चिठ्ठी दाखवायची. हेतू अभ्यासाचा, गर्दी नको, असं संस्थेचं म्हणणं. पैसे आटू लागले तसं हे म्हणणं मऊ झालं, आणि १८४७ मध्ये चिठ्ठीची अट गेली. अभ्यासाला तिकीटखिडकीचा टेकू लागतो, हे तेव्हापासून सगळ्याच प्राणिसंग्रहालयांना कळून चुकलं आहे.

त्याआधीच डब्लिनने एक साधी गोष्ट केली होती, आणि मला विचाराल तर आजच्या सहलीची खरी सुरुवात तीच. १८३१ मध्ये उघडलेल्या तिथल्या प्राणिसंग्रहालयाने १८४० पासून रविवारचं तिकीट एक पेनी केलं. सहा दिवस राबणाऱ्या माणसाला मोकळा मिळणारा दिवस रविवारच, आणि त्याच दिवशी त्याच्या खिशाला परवडेल असा दर. लंडनमध्ये मात्र रविवार पुढेही कित्येक वर्षं सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांचा राहिला. गंमत म्हणजे ‘झू’ हा सुटसुटीत शब्द लोकांच्या तोंडी रुळला तो १८६० च्या दशकातल्या, रविवारी झूमध्ये फेरफटका मारण्याची मिजास सांगणाऱ्या एका रंगमंचीय गाण्यामुळे. ज्या रविवारी बहुतेक श्रोत्यांना फाटक बंद होतं, तोच रविवार ते गुणगुणत होते.

फाटक उघडल्यावर आत बोलवायला कुणीतरी लागतं. १८५० च्या मे महिन्यात लंडनला ओबाइश नावाचं पाणघोड्याचं पिल्लू आलं. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिला पाणघोडा. त्या वर्षी बागेत येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या दुप्पट झाली. एखाद्या पिल्लाने अख्ख्या संस्थेचा जमाखर्च सावरायचा, हा प्रकार तेव्हापासून चालत आला आहे. २००६ मध्ये जन्मलेल्या बर्लिनच्या क्नुट या पांढऱ्या अस्वलानेही तेच केलं.

पण मुलांचा म्हणावा असा पहिला प्राणी जम्बो. हा आफ्रिकी हत्ती १८६५ मध्ये पॅरिसहून लंडनला आला तेव्हा लहान आणि आजारी होता. मॅथ्यू स्कॉट या राखणदाराने त्याला वाढवलं, आणि पुढची वर्षं त्याच्या पाठीवरच्या बाकांवर बसून हजारो मुलं बागेत फिरली. मुलं बघायला येत होती, ती आता बसायला येऊ लागली. हा फरक मोठा आहे. पाहिलेला प्राणी विसरला जातो. ज्याच्या पाठीवर बसलो तो आपला होतो. म्हणूनच १८८२ मध्ये संस्थेने जम्बोला अमेरिकेतल्या बार्नम या सर्कसवाल्याला दोन हजार पौंडांना विकलं तेव्हा गहजब झाला. मुलांनी राणी व्हिक्टोरियाला पत्रांवर पत्रं लिहिली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि निरोप द्यायला बागेत ही गर्दी लोटली. व्यवस्थापनाची भीती अगदीच खोटी नव्हती. वयात आलेला हत्ती रात्री बिथरून भिंतींवर धडका देत असे आणि दिवसा त्याच्याच पाठीवर पोरं बसत. तरी जम्बो गेलाच. तीन वर्षांनी कॅनडात एका रेल्वे अपघातात तो मेला. त्याचं नाव मात्र इंग्रजीत ‘प्रचंड’ या अर्थाचा शब्द होऊन बसलं, आणि वडापावापासून सर्कशीपर्यंत आपणही तो सर्रास वापरतो.

एव्हाना ॲमस्टरडॅम, अँटवर्प, बर्लिन, मद्रास, कलकत्ता अशी शहरामागून शहरं स्वतःची बाग उभारत होती. बँड, उपाहारगृह, कारंजी, सावलीतले बाक हे सगळं याच काळात आलं. १८७४ मध्ये फिलाडेल्फियाची बाग उघडली तेव्हा मोठ्यांना पंचवीस सेंट आणि मुलांना दहा सेंट असा दर होता. मूल हा वेगळा गिऱ्हाईक झाला होता.

याच सुखी रविवारांच्या हिशोबात एक पान काळं आहे. १८७० च्या दशकात हाम्बुर्गचा प्राणिव्यापारी कार्ल हागनबेक याने प्राण्यांबरोबर माणसंही दाखवायला सुरुवात केली: आधी उत्तर ध्रुवाकडचे सामी लोक, मग आफ्रिकेतले. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाने काँगोतल्या ओटा बेंगा या तरुणाला माकडांच्या घरात ठेवलं. बघणाऱ्यांत सहकुटुंब आलेली माणसंही होती. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. ओटा बेंगाने दहा वर्षांनी आत्महत्या केली.

आणि तरीही, गजांशिवाय प्राणी बघायची आपली सवय याच हागनबेकची देणगी. १९०७ मध्ये हाम्बुर्गजवळ त्याने उघडलेल्या बागेत प्राणी आणि माणूस यांच्यामध्ये फक्त खंदक होता. कुठल्या प्राण्याची उडी किती लांब पडते हे मोजून ते खोदलेले. पाणपक्षी, त्यांच्यामागे चरणारे प्राणी, त्यांच्यामागे सिंह. मधले खंदक नजरेआड, त्यामुळे सगळे एकाच माळावर असल्यासारखे. सिंह मोकळा आहे असं वाटत होतं, एवढंच. तो मोकळा नव्हता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुलांचे खूप लाड झाले. लंडनमध्ये १९२६ पासून चिंपांझींच्या चहापार्ट्या सुरू झाल्या. कपबशा, टेबल, खुर्च्या. चिंपांझी शिष्टाचार इतके पटकन शिकले की मुलांना मजा येईना, म्हणून त्यांना मुद्दाम सांडासांडी शिकवावी लागली, असं सांगतात. १९३८ मध्ये लंडन आणि फिलाडेल्फिया दोन्हीकडे खास मुलांसाठी वेगळा विभाग निघाला: करडं, ससे, हात लावायची मुभा.

मुलांना हत्ती किती हवा असतो हे जपानमध्ये दिसलं. युद्धकाळात, १९४३ मध्ये, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले मोठे प्राणी सरकारी हुकमाने मारण्यात आले. तिन्ही हत्तींना उपाशी ठेवलं गेलं. नागोयातले दोन हत्ती मात्र वाचले. युद्धानंतर ते बघायला दूरदूरच्या मुलांना नेणाऱ्या खास रेल्वेगाड्या सुटू लागल्या. टोकियोच्या मुलांना स्वतःचा हत्ती हवा होता. त्यांनी भारताच्या पंतप्रधानांना पत्रं लिहिली, आणि १९४९ मध्ये नेहरूंनी एक हत्तीण पाठवली. नाव इंदिरा. १९८३ मध्ये मरेपर्यंत ती उएनोतच होती.

त्यानंतर गोष्टी एकेक करून काढून घेतल्या गेल्या. हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकातच दाखवलं होतं की प्राण्याला जागा किती आहे याइतकंच ती कशी आहे, त्यात लपायला आडोसा आहे का, माणसापासून हवं तेव्हा दूर सरकता येतं का, याला महत्त्व आहे. बाहेरून फेकलेल्या पावांनी आणि बिस्किटांनी प्राण्यांची पोटं बिघडत, कधी पावाबरोबर नाणं किंवा पिशवीही जाई. खायला घालणं बंद झालं. हत्तीवरची सफर बंद झाली. १९७२ मध्ये लंडनची चहापार्टी संपली. १९७५ पासून दुर्मीळ प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर करारान्वये बंधनं आली आणि जंगलातून हवा तो प्राणी मागवणं थांबलं. हे सगळं योग्यच होतं. पण त्यातून घरच्या सहलीचं काय झालं, ते फारसं बोललं जात नाही: मुलाच्या हातात करण्यासारखं काही उरलं नाही. फक्त बघायचं, आणि फलक वाचायचा. तो आई-बाबा वाचतात.

त्यात १९७९ मध्ये सिॲटलच्या वुडलँड पार्कने गोरिलांसाठी दाट झाडी, उंचसखल जमीन, प्रेक्षकांपासून आडोसा असं घर केलं आणि पुढे अनेकांनी तोच कित्ता गिरवला. गोरिलांचं भलं झालं. खांद्यावरच्या पोराला मात्र झाडीच दिसते. प्राणिसंग्रहालयात घसरगुंडी आणि झोपाळे का आले, याचं कारण बरंचसं इथे आहे, आणि दिवसभरातली सगळ्यात जास्त वेळची मागणी तिथेच का होते याचंही.

आडोशांच्या आणि कठड्यांच्या या हिशोबात एक प्रश्न अजून बाकी आहे. १९८६ मध्ये जर्सी बेटावर एक लहान मुलगा गोरिलांच्या आवारात पडला, तेव्हा जाम्बो नावाचा नर त्याच्याजवळ पहाऱ्यासारखा उभा राहिला आणि मुलगा सुखरूप निघाला. २०१६ मध्ये सिनसिनाटीत तसंच झालं, तेव्हा हाराम्बे या गोरिलाला गोळी घालावी लागली. कठडा किती उंच असावा याची चर्चा प्रत्येक वेळी नव्याने सुरू होते. मुलाला दिसायला हवं आणि मूल पडता कामा नये, या दोन्ही गोष्टी एका कठड्याकडून मागितल्या जातात.

अलीकडे तर फाटकच दूर सरकू लागलं आहे. २००१ मध्ये लंडनचे हत्ती शहरातली बाग सोडून विप्सनेडच्या मोकळ्या माळावर गेले. ब्रिस्टलची बाग त्याहून पुढे गेली. १८३६ मध्ये उघडलेली, वस्तीत, चालत जाण्यासारखी. तिथला आल्फ्रेड हा गोरिला १९३० पासून अठरा वर्षं शहराचा लाडका होता, दाढीवाल्या माणसांचा आणि दुमजली बसचा त्याला तिटकारा होता म्हणतात. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ती बाग बंद झाली आणि कारभार शहराबाहेरच्या मोठ्या जागेत गेला. आल्फ्रेड मेल्यावर त्याला पेंढा भरून शहरातल्या वस्तुसंग्रहालयात ठेवलं होतं. तो अजून तिथेच आहे, काचेत.