डीएसची फ्लॅश कार्ट

हातात धरून खेळायच्या कन्सोलमध्ये बसणारी जी कॅसेट आपल्याला हवी तशी भरता येते, पुसता येते, परत भरता येते तिला फ्लॅश कार्ट म्हणतात. खरं नाव कार्ट्रिज, पण आपल्याकडे टीव्ही गेमच्या काळापासून कॅसेटच म्हणतात सगळे. नव्वदच्या दशकात मिळायच्या त्या "९९९९ इन वन"वाल्या पिवळ्या कॅसेटी मात्र यात मोजायच्या नाहीत, कारण त्यातले गेम कारखान्यातच चिपवर कायमचे छापलेले असायचे (आणि ९९९९ तर नसायचेच, तेच पाच-पन्नास फिरूनफिरून यायचे). फ्लॅश कार्टमध्ये काय टाकायचं ते मालक ठरवतो, म्हणूनच स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्या होमब्रूवाल्यांना ती लागते आणि फुकट गेम हवे असणाऱ्यांनाही तीच लागते.

सगळी गंमत कन्सोलला फसवण्यात आहे. निन्टेंडो कंपनीच्या जुन्या गेम बॉयमध्ये हे सोपं होतं. चालू केल्यावर वरून सरकत येणारा निन्टेंडोचा लोगो कॅसेटमधूनच वाचलेला असतो, फक्त ४८ बाइट, आणि तो आतल्या प्रतीशी जुळला नाही तर मशीन तिथंच थांबतं. कॅसेट नीट बसली नसेल तर लोगोच्या जागी काळा पट्टा यायचा, मग बाहेर काढून फुंकर मारा. म्हणजे कुणालाही आपली कॅसेट चालवायची तर तो लोगो त्यात ठेवावाच लागणार, आणि ठेवला की ट्रेडमार्कवरून कोर्टात खेचायला कंपनी मोकळी. कुलूप तसं फुसकंच, खरी भीती वकिलाची.

२००४ मध्ये निन्टेंडोचा पुढचा हातातला कन्सोल, डीएस, आला तेव्हा कुलूप बरंच पक्कं केलेलं होतं. खाली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटींसाठी जुना स्लॉट, वर डीएसचा नवा, आणि नव्या स्लॉटमधलं सुरुवातीचं बोलणं ब्लोफिश नावाच्या पद्धतीने सांकेतिक केलेलं. ते लगेच फोडता आलं नाही म्हणून लोकांनी बगल दिली. पासमी नावाचा एक अडॅप्टर वरच्या स्लॉटमध्ये घालायचा, त्याच्या पाठीवर एक खराखुरा विकत घेतलेला गेम, ओळख पटवायचं काम तो खरा गेम करणार आणि मधल्यामध्ये अडॅप्टर फक्त "पुढचा प्रोग्राम कुठून सुरू करायचा" तेवढा पत्ता बदलून खालच्या स्लॉटकडे बोट दाखवणार, जिथं आपली फ्लॅश कार्ट बसलेली. लग्नात ओळखीच्या पाहुण्याच्या मागून आत शिरावं तसंच. काही जण याच्याही पुढे गेले आणि फ्लॅशमी टाकून डीएसचं फर्मवेअरच, म्हणजे मशीनच्या आतला मूळ प्रोग्रामच, बदललं, त्यासाठी बॅटरीच्या झाकणाखालचे दोन बिंदू स्क्रूड्रायव्हरने जोडून धरायचे आणि तोपर्यंत हात हलू द्यायचा नाही, हलला तर मशीन कायमचं बंद पडून त्याची वीट व्हायची शक्यता.

पुढे सांकेतिक भाषा उलगडली आणि खऱ्या गेमची गरजच संपली. मग आली ती आर-फोर. दिसायला हुबेहूब डीएसची कॅसेट, वर मायक्रोएसडी कार्डाची खाच, आत एक छोटी चिप जी कन्सोलला खऱ्या गेमसारखी उत्तरं देते. कार्डावर मेनूची फाइल आणि गेम कॉपी करायचे, झालं. केबल नाही, ड्रायव्हर नाही, शाळेतल्या पोरालाही जमेल. पहिल्या आर-फोरला २ जीबीपर्यंतचंच कार्ड चालायचं पण तेवढ्यात डझनावारी गेम मावत. गेम सेव्ह केला की कॅसेटमधल्या चिपऐवजी कार्डावर एक फाइल बनायची, ती कॉम्प्युटरवर काढून ठेवता यायची, ही सोय तर खऱ्या गेमलाही नव्हती.

होमब्रूच्या बाजूने बघितलं तर डीएस म्हणजे ६७ आणि ३३ मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर, ४ एमबी रॅम आणि टचस्क्रीन, एवढ्यात लोकांनी काय काय बसवलं. मूनशेल हा जपानी प्लेअर गाणी आणि व्हिडिओ चालवायचा, डीएस-ऑर्गनाइझमध्ये डायरी होती, डीएस-लिनक्सही होतं, आणि कलर्स नावाचा चित्रं काढायचा प्रोग्राम इतका गाजला की पुढे डीएसनंतरच्या थ्रीडीएस कन्सोलवर तो रीतसर विकायला आला. अडचण एकच होती, प्रत्येक कंपनीची कार्ट मेमरी कार्डाशी आपापल्या पद्धतीने बोलायची, त्यामुळे एका कार्टवर चाललेला प्रोग्राम दुसरीवर अडायचा. त्यावर डीएलडीआय हा तोडगा निघाला: प्रोग्राममध्ये ड्रायव्हरपुरती जागा मोकळी सोडायची आणि ज्याची जी कार्ट असेल तो त्यात आपला तुकडा चिकटवून घेणार. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात हुशार काम हेच, पण नाव झालं आर-फोरचं.

आणि नाव झालं ते पायरसीमुळे, हे लपवण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये निन्टेंडो आणि ५४ सॉफ्टवेअर कंपन्या मिळून जपानमध्ये कोर्टात गेल्या आणि फेब्रुवारी २००९ मध्ये टोकियोच्या कोर्टाने आर-फोरची आयात आणि विक्री बंद केली. ब्रिटनमध्ये २०१० ला तसंच झालं, तिथं होमब्रूचा मुद्दा मांडला गेला होता पण एखादा कायदेशीर वापर होऊ शकतो एवढ्याने सुटका होत नाही असं न्यायाधीशांनी सांगितलं. पॅरिसच्या कोर्टाने २००९ मध्ये विक्रेत्यांच्या बाजूने निकाल दिला होता, तो २०११ मध्ये अपिलात उलटला. गेमवाल्यांनीही आपापले सापळे लावले. मायकल जॅक्सनच्या नाचाच्या गेममध्ये पायरेटेड कॉपी ओळखली की गाण्यावर वुवुझेला वाजायला लागायचा, बसा ऐकत.

डीएसच्या नंतरच्या मॉडेलमध्ये, डीएसआयमध्ये, जुना स्लॉट काढून टाकला आणि साधी आर-फोर चालेनाशी झाली. नवीन कार्टी मग मेनूत कुठल्यातरी खऱ्या गेमचं नाव आणि चित्र लावून येऊ लागल्या, निन्टेंडोचा अपडेट आला की बंद, कार्टवाल्यांचा अपडेट आला की चालू. मूळ आर-फोर बनवणारे केव्हाच गायब झाले, आज त्या नावाने जे मिळतं ते सगळं नकलेची नक्कल. त्यातल्या काहींमध्ये तर तारखेचा बॉम्ब असतो, डीएसच्या घड्याळात ठरावीक दिवस उलटला की कार्ट "अपडेट करा" म्हणून अडून बसते आणि अपडेट काही कुठं मिळत नाही. घड्याळ मागे नेलं की परत चालते, किंवा दुसऱ्या कुणीतरी बनवलेला मेनू टाकायचा.

डीएसआय आणि थ्रीडीएसवर आता कन्सोलमध्येच बदल करून ट्वायलाइट मेनू हा गेम निवडून चालवायचा प्रोग्राम वापरतात, तिथं कार्ट लागत नाही. साध्या डीएसला आणि डीएस लाइटला मात्र लागते. गेम बॉयवाल्यांसाठी एव्हरड्राइव्ह आणि ईझी-फ्लॅश या फ्लॅश कार्ट अजून निघतात, किंमत वाचून जीव दचकतो, पण २०१९ मध्ये जीबी स्टुडिओ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर आल्यापासून कोडिंग न येणारेही नवे गेम बॉय गेम बनवायला लागलेत आणि ते खऱ्या मशीनवर बघायचे तर कार्ट हवीच.