चढांची बेरीज

नकाशावर किनाऱ्याचा रस्ता फार साळसूद दिसतो. एका बाजूला समुद्र, त्याच्या कडेकडेनं जाणारी रेघ आणि सगळ्या वाटेत सर्वांत उंच जागा जेमतेम ९० मीटर. घाटाचा रस्ता मात्र पाहताक्षणीच धाक घालतो. म्हणून नवखा सायकलस्वार पहिल्या लांब सफरीसाठी किनारा निवडतो आणि साठाव्या किलोमीटरला त्याच्या मांड्या दगड होतात. मीही असाच फसलो होतो. शंभर किलोमीटर झाले तेव्हा हँडलवरच्या छोट्या पडद्यावर एकूण चढ १,४०० मीटर दिसत होता. त्या अख्ख्या दिवसात मी समुद्रसपाटीपासून ९० मीटरच्या वर एकदाही गेलो नव्हतो.

पायांना रस्त्याची कमाल उंची कळत नाही, त्यांना कळते ती चढांची बेरीज. ती फुगवण्यात किनाऱ्याचा हात कोणी धरणार नाही, आणि याचं मूळ शोधायला हिमयुगापर्यंत मागं जावं लागतं.

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. समुद्र गाठायला नद्यांना तेवढं खोल उतरावं लागे, त्यामुळे मुखाजवळच्या दऱ्या त्यांनी खोल कापून काढल्या. मग बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि त्या दऱ्यांमध्ये शिरला. आजच्या कित्येक खाड्या म्हणजे अशा बुडालेल्या दऱ्या आहेत. दोन खाड्यांच्या मध्ये पठार किंवा डोंगराची सोंड उरली. खडक टणक असेल तिथं ही सोंड भूशिर होऊन थेट समुद्रात घुसलेली दिसते. किनाऱ्याला समांतर जाणारा रस्ता या सगळ्याला आडवा जातो. खाडीच्या रुंद मुखावर पूल बांधणं अवघड, म्हणून तो थोडा आत वळतो, अरुंद जागी पाण्यापर्यंत उतरतो, पूल ओलांडतो आणि पलीकडच्या पठारावर पुन्हा चढतो. थोड्याच किलोमीटरवर पुढची खाडी असतेच. नदीच्या सोबतीनं जाणारा रस्ता हळूहळू चढतो. नद्या ओलांडत जाणाऱ्या रस्त्याचा करवतीचा दाता होतो.

यावर प्रत्येकाच्या मनात एक आशा असते: जेवढं चढलो तेवढं उतरणारच, त्या उताराच्या जोरावर पुढचा चढ निम्मा तरी पार होईल. इथं थोडं गणित करून पाहू. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरा. १२ टक्क्यांचा ४०० मीटर लांब उतार, म्हणजे ४८ मीटरची उंची. एवढं खाली येताना सुमारे ३८ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. पण ताशी ५० किलोमीटर वेगानं धावणाऱ्या त्याच सायकलची गतिज ऊर्जा भरते पावणेआठ किलोज्यूल. म्हणजे पाचांतला एक भाग हाती राहिला. बाकीचे चार हवेनं, टायरनं आणि ब्रेकनं खाल्ले. उरलेला भाग पुढच्या चढावर आपल्याला किती उंच नेईल? दहा मीटरही नाही. तेही तळाशी सरळ रस्ता असेल तर. प्रत्यक्षात उतार संपतो तिथं वळण आणि अरुंद पूल असतो, ब्रेक दाबावाच लागतो, आणि ४८ मीटरचा पुढचा चढ जवळजवळ शून्यापासून सुरू होतो. तापलेल्या ब्रेकचा वास येतो ना, तो आपण मघाशी कमावलेल्या उंचीचा असतो.

आता चढाकडे वळू. आल्प्समधला स्टेल्विओ घाट १८२० ते १८२५ या काळात बांधला गेला. खिंड २,७५७ मीटरवर आहे आणि एकाच बाजूला ४८ तीव्र वळणं आहेत. पण तो घोडागाड्यांसाठी आखलेला रस्ता. घोड्याला झेपेल एवढाच चढ ठेवायचा म्हणून वळणांवर वळणं घातली. त्यामुळे चढ लांबलचक असला तरी सरासरी सात-साडेसात टक्क्यांचाच आहे. स्वार एकदा लय धरतो आणि तासन्‌तास तीच टिकवतो. किनाऱ्यावरच्या तुटक चढांसाठी एवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही. पन्नास मीटरच तर चढायचंय, मग रस्ता सरळ वर नेला जातो: १२ टक्के, कधी १५.

हा फरक शरीराला महागात पडतो. १९६५ मध्ये मोनो आणि शेरेर या फ्रेंच संशोधकांनी स्नायूंच्या कामाबद्दल एक सोपी मांडणी केली. प्रत्येकाची एक मर्यादा असते, जिच्याखाली तो बराच वेळ तग धरू शकतो. त्या मर्यादेच्या वर काम करायचं तर एका छोट्या राखीव टाकीतून ऊर्जा उपसावी लागते. सरावाच्या सायकलस्वारात ही टाकी साधारण १५ ते २५ किलोज्यूलची असते. ती रिकामी झाली की पाय मागं येतात, मन कितीही म्हणो. मर्यादेच्या खाली आल्यावर ती भरते, पण उपसण्याच्या मानानं सावकाश.

आपल्या ८० किलोंच्या जोडीची मर्यादा २०० वॅट धरू. पुढं ३४ दात्यांची चकती, मागची सर्वांत मोठी २८ दात्यांची. चाकाचा घेर २.१ मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढं सरकते. पाय मिनिटाला ६० फेऱ्यांच्या खाली गेले की तोल आणि लय दोन्ही बिघडतात, त्यामुळे ताशी नऊ किलोमीटरपेक्षा हळू जाण्याची सोयच उरत नाही. १२ टक्क्यांवर या वेगाला लागतात सुमारे २५० वॅट. ४०० मीटरला अडीच मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात टाकीतले आठ किलोज्यूल जातात. असे तीन चढ लागोपाठ आले तर खेळ आटोपला. आता मागची चकती ३४ दात्यांची लावा. तोच चढ, तेच पाय, तेच ६० फेरे. पण एका फेऱ्यात सायकल २.१ मीटरच जाते आणि काम २०५ वॅटच्या आसपास येतं. टाकीला जवळपास हातच लागत नाही. सहा दात्यांच्या फरकात तो दिवस पार बदलून जातो. मला हे कळायला फार उशीर झाला. हलकी सायकल घेण्याआधी मागची चकती मोठी करा, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

शर्यतींनाही हे गणित चुकलेलं नाही. १९०७ पासून होणारी मिलान–सान रेमो ही शर्यत जवळजवळ ३०० किलोमीटरची आहे आणि तिचा उत्तरार्ध इटलीच्या लिग्युरियन किनाऱ्यानं जातो. शेवटाकडे कापो मेले, कापो चेर्वो आणि कापो बेर्ता हे चढ एकामागोमाग येतात. कापो म्हणजे भूशिर. मग १९८२ मध्ये मार्गात आलेला चिप्रेसा आणि १९६० पासूनचा पोज्जो. पोज्जो ३.७ किलोमीटरचा, सरासरी चार टक्क्यांहूनही कमी, माथा सुमारे १६० मीटरवर. ताज्या पायांनी कोणीही हसत चढावा असा. पण तो तिथं येतो तेव्हा जगातले उत्तम सायकलस्वार सहा-सात तास सायकलवर असतात. कोणत्याही महाघाटाइतकाच या टेकाडावर शर्यतीचा निकाल ठरत आला आहे.

किनाऱ्यावर ऊन आणि वारा यांचाही हिशोब असतो. शरीर पेडलला २५० वॅट देतं तेव्हा त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता तयार होते. ही उष्णता बाहेर टाकायला घाम वाळावा लागतो, आणि घाम वाळायला अंगावर वारा लागतो. दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि खारे वारे आत वाहू लागतात. आपण समुद्राकडे पाठ करून ताशी नऊ किलोमीटरनं चढतोय आणि वाराही त्याच वेगानं मागून येतोय, अशा वेळी अंगाला लागणारा वारा शून्य. आजूबाजूची झाडं हलताना दिसतात, आणि आपण मात्र बंद खोलीत असल्यासारखे घामानं निथळत असतो. त्यात हवा दमट. म्हणून चढ जास्त असलेला भाग सकाळी उरकून घ्यावा.

माझ्या त्या १,४०० मीटरबद्दल थोडं सांगायला हवं. सोबत्याच्या यंत्रावर त्याच रस्त्याचा चढ १,२८० मीटर होता आणि दोघांपैकी कोणाचंच यंत्र बिघडलेलं नव्हतं. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला असं आढळलं होतं, की किनारा मोजायची पट्टी जितकी आखूड, तितकी किनाऱ्याची लांबी जास्त भरते. १९६७ मध्ये गणितज्ञ बेन्वा मांदेलब्रो यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याचा दाखला देत त्यावर पुढं प्रसिद्ध लेख लिहिला. चढाचंही तसंच. दर मीटरला उंची टिपली तर प्रत्येक उंचवटा बेरजेत येतो. दर पन्नास मीटरला टिपली तर बारीक चढउतार गळून जातात. मोठ्या घाटात याचा फरक थोडा पडतो, कारण तिथं चढ एकच असतो. करवतीसारख्या किनाऱ्यावर तो शेकड्यांत जातो. त्यामुळे दोन रस्त्यांची तुलना करायची तर दोन्हींची मोजणी एकाच यंत्रानं झालेली असावी. मी तर हल्ली निघण्याआधी नकाशावर समुद्राला मिळणाऱ्या निळ्या रेघा आणि त्यांवरचे पूल मोजतो. प्रत्येक पुलामागं एक उतार आणि एक चढ धरला की अंदाज फारसा चुकत नाही.

बऱ्याच यंत्रांमध्ये उंची हवेच्या दाबावरून काढतात. समुद्रसपाटीजवळ आठ-सव्वाआठ मीटर चढलं की दाब सुमारे एक हेक्टोपास्कलनं उतरतो. त्या संध्याकाळी मी पुन्हा त्याच वाळूच्या काठावर येऊन थांबलो, जिथं सकाळी पडद्यावर शून्य दिसलं होतं. आता तिथं १६ मीटर लिहिलेलं होतं. दिवसभरात हवेचा दाब दोन हेक्टोपास्कलनं घसरला होता. पश्चिमेला ढग भरून आले होते आणि पुढचं चाक वाळूत रुतलं होतं.