रूफ, झेन आणि कलम ५२

कोस्टल रोडचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. त्यानंतर वरळी आणि ब्रीच कँडीच्या इमारतींमधून रात्रीच्या आवाजाच्या तक्रारी यायला लागल्या, मग नाकाबंदी आणि दंडाच्या पावत्या आल्या. या बातम्यांत कारखान्यातून तशीच उतरलेली लॅम्बॉर्गिनी आणि सायलेन्सर बदललेली पोलो एकाच रांगेत उभ्या असतात. तिसरी जात, म्हणजे छोट्या खास कारागिरांनी बांधलेली वेगवान गाडी, मुंबईच्या रस्त्यावर जवळपास दिसतच नाही. वेगाची हौस इथे कमी नाही. आडवा येतो तो कायद्याचा कागद.

ब्रिटनमध्ये या गाड्या करामुळे फोफावल्या. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन सुटे भाग घेऊन घरी जोडली तर खरेदीकर वाचायचा. १९७३ मध्ये व्हॅट आला, ती सवलत संपली आणि त्याच वर्षी गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. त्याच सांगाड्याची पुढची पिढी असलेल्या ६२०आरची ताकद ३१० अश्वशक्ती आहे आणि ताशी ६० मैलांचा वेग ती २.७९ सेकंदांत गाठते. १९६२ ची कोब्रा म्हणजे इंग्रजी सांगाड्यात अमेरिकन व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. तिच्यावर इतकं लिहून झालंय की इथे पुन्हा नको.

जर्मनीतलं रूफ अधिक मोलाचं. फाफेनहाउझेन गावातलं हे १९३९ चं गॅरेज १९८१ पासून तिथल्या सरकारदरबारी स्वतंत्र गाडीनिर्माता म्हणून नोंदलेलं आहे. पोर्शकडून नंबर न पडलेली कोरी बॉडी घ्यायची आणि तिच्यावर स्वतःचा चासी नंबर ठोकायचा. १९८७ च्या सीटीआर या गाडीला त्यांनी मुद्दाम अरुंद बॉडी ठेवली, छताच्या कडेची पावसाची पन्हळ कापून टाकली, दारं आणि बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं केलं. इंजिन ३.४ लिटरचं, दोन टर्बो, ४६९ अश्वशक्ती, वजन साधारण ११५० किलो. त्या वर्षी एहरा-लेसिनच्या ट्रॅकवर ती ताशी ३३९ किलोमीटरने धावली आणि पुढच्या वर्षी इटलीतल्या नार्दोच्या ट्रॅकवर ३४२ ने. फेरारीची टेस्टारोसा तेव्हा २९० च्या आसपास थांबत होती.

त्याच सुमारास कुर्ल्यात १०८९ सीसीची पद्मिनी बनत होती. मुंबईतला खरा खटाटोप सुरू झाला तो नव्वदच्या दशकात मारुतीच्या झेन आणि एस्टीम आल्यावर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून ठोकलेल्या एस्टीमचं १.३ लिटर इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) असा अख्खा सेट उचलायचा आणि झेनमध्ये बसवायचा. पन्नास अश्वशक्तीच्या गाडीत पंच्याऐंशी अश्वशक्ती! इंजिन बसवायचं माउंटिंग थोडं हलवावं लागे, चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टची जुळवाजुळव करावी लागे. बाकी काम चोख बसे. ब्रेक मात्र अनेकदा झेनचेच राहत, आणि याचं समर्थन कुणी करू नये.

हे तेव्हा कायदेशीर होतं का? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातल्या मूळ कलम ५२ नुसार मालकाने बदलाची सूचना आरटीओला द्यायची आणि आरटीओने सात दिवसांत टपालाने उत्तर कळवायचं. सात दिवसांत उत्तर आलं नाही, तर मंजुरी मिळाली असं धरलं जाई. कागदावर तरी दार उघडं होतं, मग ते किती जणांनी वापरलं हा भाग निराळा. २००० च्या दुरुस्तीने हे कलमच पालटलं. आरसी बुकातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल मालकाने करायचा नाही. सूट मुख्यतः सीएनजीसारख्या इंधनबदलाला, तीही मान्यताप्राप्त किट असेल तर.

तरी घोळ राहिलाच. केरळच्या उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांचा आधार घेऊन काही बदलांना वाट ठेवली होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली आणि बंदीत जास्त क्षमतेच्या टायरचाही उल्लेख केला. रस्तासुरक्षा आणि पर्यावरण ही दिलेली कारणं रास्त आहेत. पण टायर बदलणारा आणि चासी कापून छत उडवणारा एकाच तराजूत बसले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं आणि मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. ब्रिटनमध्ये एकेक गाडी तपासून रस्त्यावर सोडण्याची वेगळी चाचणी आहे, अमेरिकेने २०१५ मध्ये छोट्या निर्मात्यांना वर्षाला ३२५ प्रतिकृती गाड्यांची मुभा दिली. आपल्याकडे एकट्या कारागिराच्या एकट्या गाडीसाठी अशी खिडकीच उघडली नाही, आणि निकालावरच्या चर्चेत हा मुद्दा फारसा कुणी काढला नाही.

बाहेरून आणायची म्हटलं तर, विंटेज गाड्या सोडून, जुनी गाडी तीन वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच उतरायला हवी. वर अशा जुन्या गाडीवर तिच्या किमतीहूनही जास्त शुल्क. म्हणजे १९८७ ची सीटीआर मुंबईत उतरायची शक्यता नाही.

देशात बांधलेल्यांपैकी गोव्याच्या सॅन स्टॉर्ममध्ये रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन होतं, ताकद ६० अश्वशक्ती. रूप स्पोर्ट्स कारचं, पळणं हॅचबॅकचं. मुंबईकर डिझाइनरच्या हातची अवंती २०१२ च्या दिल्लीतल्या प्रदर्शनात आली. इंजिन मधोमध, तेही रेनॉचंच, दोन लिटर टर्बो, २५० अश्वशक्ती. मुंबईच्याच एका छोट्या कंपनीने २०२१ मध्ये दाखवलेल्या इकॉन्क या विजेरी गाडीचा दावा आहे ७३८ किलो वजन आणि ७२२ अश्वशक्तीचा. आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत, तेवढं लक्षात ठेवून वाचावेत.

कायद्याने थोडी सैल सोडलेली दोरी आता विजेच्या बाजूला आहे. जुन्या गाडीत तिच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं इलेक्ट्रिक किट बसवून आरसीवर तशी नोंद करून घेता येते. झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवून ती मिळत नाही.